सैनिकाच्या मुलाचा पत्ता

(हिर्डोशी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दरूप)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी चार वर्षं शिकले. आजचा विषयही त्यांच्याच वर्गात सुरू झाला. मी तिसरीत होते. गुरुजींनी पाटीवर पूर्ण पत्ता लिहायला सांगितला आणि त्याखाली वडील कामाला कुठे असतात तेही. कुणी लिहिलं, मुंबई, गिरणीत. कुणी लिहिलं, पुणे, मंडईत. मी लिहिलं, ५६ ए. पी. ओ.

वर्ग हसला. मला कळेना की हसण्यासारखं काय आहे. माझ्या लेखी ते गावच होतं. आजीला पत्र वाचून दाखवताना वरच्या कोपऱ्यात मी तेच नाव वाचत असे. त्या गावात बर्फ पडतो आणि पोरं शाळेत जात नाहीत, कारण तिथे पोरंच नाहीत, असं बाबांनी लिहिलं होतं. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी मला भारताच्या नकाशापाशी नेलं आणि सांगितलं की हे गाव नकाशावर सापडायचं नाही. हे फौजेचं टपाल आहे, ते सैनिकांच्या मागोमाग चालतं. तुझे वडील जिथे असतील तिथे ते पोचतं.

त्या आठवड्यापासून शनिवारची सकाळची शाळा सुटली की गुरुजी आम्हा सैनिकांच्या मुलांना अर्धा तास थांबवून घेऊ लागले. आम्ही सहाजण होतो. प्रत्येकाला एक आंतर्देशीय पत्र मिळे. त्यांचा नियम एकच होता. खुशाली दोन ओळींत लिहायची, उरलेल्या कागदावर खरं लिहायचं. कोणती म्हैस व्याली, कुणाशी भांडण झालं, कोणतं गणित चुकलं, रात्री कशाची भीती वाटली. त्या अर्ध्या तासाची खरी किंमत मला फार उशिरा कळली. पुढे मी आयुष्यभर बालवाडीच्या शिक्षिका घडवण्याचं काम केलं. सैनिकांच्या मुलांसाठी कुठे कुठे काय काय योजलं गेलं आहे, हे त्या निमित्तानं पाहत आले. आज त्याविषयीच बोलणार आहे.

हे बोलायला हिर्डोशीइतकी योग्य जागा दुसरी नाही. आपण हिरडस मावळात बसलो आहोत. बांदल देशमुखांचा हा मुलूख. बाजीप्रभू देशपांडे याच तालुक्यातल्या सिंदचे. १६६० च्या आषाढात शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना घोडखिंडीत जे मावळे उभे राहिले, त्यांत या खोऱ्यातली माणसं होती. पोवाड्यात आपण खिंडीतला प्रहर ऐकतो, तोफांचे आवाज ऐकतो. मला लहानपणापासून एक प्रश्न पडत आला. तोफा झाल्या, महाराज गडावर पोचले, आणि मग इकडे या डोंगराखालच्या घराघरांत काय झालं? खिंडीतून जे परतले नाहीत, त्यांच्या पोरांचं पुढे काय झालं?

त्या एकेका घराचा वृत्तान्त आपल्यापाशी नाही. पण राज्यानं अशा घरांचा विचार केला होता, याचा दाखला आहे. कृष्णाजी अनंत सभासद हा शिवकाळ जवळून पाहिलेला माणूस. त्यानं जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिली. अफजलखानाच्या वधानंतरची व्यवस्था सांगताना तो लिहितो की लढाईत पडलेल्यांच्या मुलांना महाराजांनी चालवलं, ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निमं वेतन करून दिलं आणि जखमींना जखमेप्रमाणे होन दिले. लढाई १६५९ च्या नोव्हेंबरातली, घोडखिंडीच्या आठ महिने आधीची. म्हणजे खिंडीत उभ्या राहिलेल्या माणसाला आपल्यामागे लेकरांना कोण पाहील, याचं उत्तर ठाऊक होतं. त्याच्या हातातल्या तलवारीला त्या उत्तराचंही बळ होतं, असं मी मानते.

पुढे या व्यवस्थेला एक नाव मिळालं, बालपरवेशी. मृत शिपायाच्या किंवा चाकरमान्याच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी सरकारातून जी नेमणूक होई, ती बालपरवेशी. परवेशी म्हणजे परवरिश, सांभाळ. मोल्सवर्थच्या शब्दकोशात हा शब्द आहे, आपल्या बोलण्यातून मात्र तो गेला. आज मी तो परत मागायला आले आहे, आणि थोडा रुंद करून मागायला आले आहे. बालपरवेशी बाप पडल्यावर सुरू होऊ नये. बाप ट्रंक उचलून एस्टीत चढतो, त्या दिवशी ती सुरू व्हावी. आणि ती पोराच्या अंगणात पोचावी. कारण आज सैनिकाच्या मुलाची खरी अडचण एका वाक्यात सांगता येते. सोयी बापाच्या पत्त्यावर आहेत आणि मूल आजीच्या पत्त्यावर आहे.

हे मी माझ्या घरातच पाहिलं. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. माझ्या पाचवीच्या वर्षी त्यांना बेळगावला पीस पोस्टिंग मिळालं, क्वार्टर मिळालं आणि आम्ही सगळे तिकडे गेलो. धाकटा भाऊ तीन वर्षांचा होता. छावणीत साहेबांच्या आणि जवानांच्या बायका मिळून बालवाडी चालवत. तिथे तो रंगवायला शिकला, कात्री धरायला शिकला, दुपारी चटईवर झोपायला शिकला. दोन वर्षांनी पलटण फील्डला गेली. फील्डला कुटुंब नेता येत नाही. आम्ही या खोऱ्यात परत आलो. भाऊ पाच वर्षांचा. इथे त्याला जायला जागाच नव्हती. आई लावणीला गेली की तो बांधावर घोंगडीत बसून राही. त्याचे रंगाचे खडू पावसात विरघळले, ते मला अजून दिसतं. मूल तेच, बाप तोच, नोकरी तीच. बदलला होता तो फक्त पत्ता.

आता काय काय आहे ते नीट पाहू. आपल्या देशानं या मुलांसाठी काहीच केलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल.

पलटणीच्या पत्त्यावर पुष्कळ आहे. केंद्रीय विद्यालयांची सुरुवातच मुळी बदलीच्या नोकरीतल्या माणसांच्या मुलांसाठी झाली. १९६३ साली त्यांचा आरंभ झाला, तेव्हा आधीपासून चालणाऱ्या पलटणींच्या वीस शाळा त्यासाठी घेतल्या गेल्या. देशभर एकच अभ्यासक्रम, म्हणजे बाप श्रीनगरहून सिकंदराबादला गेला तरी पोराचं पुस्तक तेच राहतं. १९६६ साली सैनिकांच्या पत्नींची संघटना, आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशन, सुरू झाली. फौजी तिला आवा म्हणतात. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी आवाच्या आशा शाळा आहेत. अशी एक शाळा पुण्यातही आहे. १९८३ पासून आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटी आर्मी पब्लिक स्कूल चालवते, खडकी आणि दिघीलाही त्या आहेत. फील्डवर गेलेल्या जवानांच्या कुटुंबांसाठी काही छावण्यांत वेगळी क्वार्टर राखलेली असतात, पण मागणाऱ्यांच्या मानानं ती थोडी, आणि त्यासाठी थांबावं लागतं. शिवाय सासू-सासरे, गुरं, शेतीचा तुकडा सोडून सूनबाईंना एकटीनं छावणीत जाऊन राहणं प्रत्येक वेळी जमत नाही. मुलं गावी राहतात ती आईबापांच्या हौसेनं नव्हे.

गावच्या पत्त्यावर काय आहे? सहा वर्षांखालच्या मुलासाठी अंगणवाडी आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हळूहळू ती आपल्या वाड्यांपर्यंत आली. या शब्दाचा जन्म कुठला, हे आपल्याला अभिमानानं ठाऊक हवं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र उभारलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं असे, कुणाला शेळी. तेव्हा या दोघींनी मुलांवर दोष ठेवला नाही. त्या बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणात भरते ती अंगणवाडी. आज मी जे मागते आहे, त्याची सगळी युक्ती या एका शब्दात आहे. मूल सोयीपाशी येऊ शकत नसेल, तर सोय मुलापाशी न्यावी.

अंगणवाडीच्या वेळेपलीकडेही एक पाऊल पडलं आहे. २०२२ पासून मिशन शक्तीखाली पाळणा नावाची योजना आहे. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुलं घ्यायची, दिवसाला साडेसात तास आणि महिन्याला २६ दिवस ते उघडं ठेवायचं, अशी तिची आखणी आहे. काम करणाऱ्या आईसाठी ती आहे. आणि जिचा नवरा सीमेवर आहे ती आई काम करत नाही, असं या खोऱ्यात कोण म्हणेल? दाढ भाजण्यापासून झोडणीपर्यंत दोन माणसांचं काम ती एकटी उपसते. जुलैत पाऊस कोसळत असतो, वरंध घाट दरडींनी बंद असतो, ती डोक्यावर इरलं घेऊन मुठीमागून मूठ लावत असते आणि तिचा जीव घरी म्हातारीपाशी ठेवलेल्या लेकरात अडकलेला असतो. म्हातारीचे डोळे अधू झालेले, आणि आता तर नीरा-देवघर धरणाचं पाणी उंबऱ्यापासून फार लांब नाही. या आईला पाळणाघर हवं, यासाठी आणखी कोणता पुरावा द्यायचा?

फौजेतल्या आयांविषयीही इथे सांगते, कारण आपल्या मुली आता शिपाई म्हणूनही भरती होत आहेत. पूर्वी बाळंतपणाची, बालसंगोपनाची आणि दत्तक मुलासाठीची रजा महिला अधिकाऱ्यांना ज्या नियमांनी मिळे, तशी खालच्या हुद्द्यावरच्या स्त्रियांना मिळत नसे. नोव्हेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयानं सर्व हुद्द्यांना एकच नियम लावला. बाळाला आईचा हुद्दा कळत नाही. सरकारला हे मान्य झालं, याचा मला आनंद आहे.

शाळेत जाणाऱ्या मुलाकडे येऊ. इथे पैशाची एक गोष्ट सांगायची आहे आणि ती मुख्याध्यापकांनी कागदावर टिपून घ्यावी अशी माझी विनंती आहे. नोकरीत असलेल्या जवानाला दोन मुलांपर्यंत बालशिक्षण भत्ता मिळतो. १ जानेवारी २०२४ पासून तो प्रत्येक मुलामागे महिन्याला २,८१२ रुपये ५० पैसे आहे, म्हणजे वर्षाला ३३,७५०. दिव्यांग मुलासाठी तो दुप्पट आहे. मूल वसतिगृहात असेल तर वसतिगृहाचं अनुदान वेगळं. प्रत्यक्ष खर्च किती झाला हे बघून हा भत्ता ठरत नाही, तो ठरावीकच मिळतो. आणि त्यासाठी लागतो शाळाप्रमुखाचा दाखला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाचा दाखलाही दाखलाच असतो. आपल्या शाळेत फी नाही, मग कसला भत्ता, असं समजून कुणी मागायचंच राहिलं असेल, तर ते आजच तपासा.

त्याहून मोठी गोष्ट नोंदीची. मूल जन्मलं की बापाच्या सेवेच्या कागदांत त्याची नोंद होते. फौजेच्या भाषेत पार्ट टू ऑर्डर. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, पार्ट टू ऑर्डरमध्ये तिसरं, असं झालं की त्या मुलाचा प्रत्येक हक्क खिडकीवर अडतो. दवाखाना अडतो, शिष्यवृत्ती अडते, राखीव जागा अडते. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे बारशाचं नाव आणि शाळेतलं नाव यांत एका वेलांटीचा फरक होता आणि त्या वेलांटीपायी वर्षं गेली. बाप सीमेवर, आई अर्जदार आणि कागद तिसऱ्याच गावाच्या रेकॉर्ड ऑफिसात. बारसं झालं की पंधरा दिवसांत ही नोंद करून घेणं, ही बालपरवेशीची पहिली पायरी समजा.

निवृत्त झालेल्यांच्या आणि दिवंगतांच्या मुलांसाठीचं दार वेगळं आहे. त्याचं नाव जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं मुख्य कार्यालय पुण्यातच आहे आणि सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहंही पुण्यात आहेत. गावात बारावीपुढची सोय नाही म्हणून मुलीचं शिक्षण थांबतंय, असं सांगणाऱ्या प्रत्येक फौजी घराला मी आधी विचारते, वसतिगृहाचा अर्ज केला का? हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्यावरच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत केंद्राकडून शिक्षणाची मदत मिळते. महिना १,००० रुपये असलेली ही मदत १ नोव्हेंबर २०२५ पासून २,००० झाली. डॉक्टरी, इंजिनिअरिंग, नर्सिंग यांसारख्या शिक्षणासाठी माजी सैनिकांच्या मुलांना पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, मुलांना महिना २,५०० आणि मुलींना ३,०००. दर वर्षी देशभरात ५,५०० जणांना ती मिळते आणि त्यातल्या निम्म्या जागा मुलींच्या आहेत. यातल्या काही मदतीचा स्रोत आपल्याही हातात असतो. १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळतात. त्या दिवशी आपण छातीला कागदाचा छोटा ध्वज लावतो आणि डब्यात नाणं टाकतो. ते नाणं कुणाच्या तरी वहीपर्यंत जातं.

आणि ज्यांचा बाप परत आलाच नाही, त्या मुलांसाठी एक वचन आहे. ते १८ डिसेंबर १९७१ ला संसदेत दिलं गेलं. पाकिस्तानशी चाललेलं युद्ध नुकतंच थांबलं होतं. युद्धात मृत्यू पावलेल्या, बेपत्ता झालेल्या, अपंग झालेल्या सैनिकांच्या मुलांचा शिक्षणाचा खर्च देश करील, असं ते वचन होतं. आमच्या शनिवारच्या सहाजणांत एक मुलगी अशी होती, जिच्यासाठी ते वचन होतं. तिच्याकडे मी शेवटी परत येते. इथे एवढंच सांगते की २०१७ साली या खर्चावर महिना १०,००० रुपयांची मर्यादा घातली गेली. देशभरातून हळहळ उमटली आणि मार्च २०१८ मध्ये ती मर्यादा काढून टाकावी लागली. वचनं दगडात कोरली तरी पुरत नाहीत, त्यांच्यावर नजर ठेवावी लागते.

दगडाचं नाव निघालंच आहे. पुणे, सातारा, कोकण इकडच्या अनेक गावांत पहिल्या महायुद्धाच्या पाट्या आहेत. या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढाच मजकूर. साताऱ्याच्या अपशिंगे गावचे कितीतरी जण त्या युद्धात गेले. गाव आजही अपशिंगे मिलिटरी म्हणून ओळखलं जातं. त्या पाट्यांपुढे मी नेहमी हात जोडते. पण त्यांच्यावर दोनच आकडे असतात, गेलेल्यांचा आणि मेलेल्यांचा. मागे राहिलेल्या मुलांचा तिसरा आकडा कुणी कोरला नाही.

वाढत्या वयाच्या मुलांचं काय? चौदा-पंधराव्या वर्षी बापाची गैरहजेरी वेगळी बोचते. लहानपणी बाबा येतात तेव्हा मिठाई येते. या वयात बाबा येतात तेव्हा शिस्त येते, आणि वर्षाच्या साऱ्या रजा मिळून फार तर तीन महिन्यांची ती शिस्त पोराला पाहुण्याची वाटते. अशा मुलांसाठी आपल्याकडे जे आहे ते बहुतेक सैनिकी शाळांच्या रूपात आहे. साताऱ्याची सैनिक स्कूल २३ जून १९६१ ला सुरू झाली, देशातली पहिली. या शाळांत काही जागा सैनिकांच्या आणि माजी सैनिकांच्या मुलांसाठी राखीव असतात. सहावीची प्रवेशपरीक्षा मराठीतूनही देता येते आणि २०२१ पासून मुलींनाही प्रवेश आहे. मुलींसाठीची राणी लक्ष्मीबाई सैनिकी शाळा मुळशीत, कासार आंबोलीला आहे. राजगड-तोरण्याच्या पलीकडे खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, तिथून मे २०२५ मध्ये मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. हे पाहून ऊर भरून येतो.

पण भरतीची तयारी म्हणजेच तरुणांचा कार्यक्रम, असं आपण मानून चाललो आहोत आणि ते मला पटत नाही. पहाटे धरणाच्या रस्त्यानं धावणारी पोरं मी पाहते. सोळाशे मीटर, बीम, लांब उडी. २०२२ पासून अग्निपथ योजना आली, तिची पहिली मुदत चार वर्षांची. धावणाऱ्या प्रत्येक पोराला माझं सांगणं आहे की धाव, जरूर धाव, पण धावून आल्यावर दोन तास बसायलाही जागा असू दे. पुस्तकं, संगणक, गाणं, एखादा हातचा धंदा, आणि मन मोकळं करता येईल असं एखादं मोठं माणूस. सैनिकाच्या पोरानं सैनिकच व्हावं, असं कर्ज त्याच्यावर कुणी चढवू नये. बापानं देशाला दिलं तेवढं पुरे आहे. मुलाला निवडू द्या.

जगात इतरत्र हे कसं झालं, ते दोन उदाहरणांनी सांगते. अमेरिकेत १९८० च्या दशकात लष्कराच्या पाळणाघरांबद्दल गंभीर तक्रारी होत्या. जागा असुरक्षित, बायांना पगार नगण्य, शिक्षण नाही, मुलांवर अत्याचार झाल्याचेही आरोप झाले. त्यांनी पाळणाघरं बंद केली नाहीत. १९८९ साली त्यांनी सैनिकांच्या मुलांच्या सांभाळासाठी कायदा केला. फी घराच्या मिळकतीप्रमाणे, म्हणजे शिपायाला कमी आणि कर्नलला जास्त. सांभाळणारीचा पगार तिच्या प्रशिक्षणाबरोबर वाढणार. वर्षातून चार वेळा तरी न सांगता तपासणी. त्या देशात एरवी पाळणाघरांची ओढाताण असली तरी लष्करातली पाळणाघरं आज नमुना म्हणून दाखवली जातात. यातून मी धडा घेते तो असा की सांभाळणाऱ्या बाईला मान आणि दाम दिल्याशिवाय मुलाचा सांभाळ सुधारत नाही. आपल्या अंगणवाडी ताईंच्या मानधनाबद्दल बोलताना हे लक्षात ठेवू.

दुसरं उदाहरण इंग्लंडचं. तिथे २०११ पासून सैनिकाचं मूल ज्या साध्या सरकारी शाळेत शिकतं, त्या शाळेला त्या मुलामागे थोडे पैसे सरकार देतं. मूल छावणीत असो वा खेड्यात, पैसा मुलाच्या पाठोपाठ जातो. शाळेनं तो त्या मुलाच्या मनाकडे आणि अभ्यासाकडे लक्ष द्यायला वापरायचा. फौजेचं टपाल जसं शिपायाच्या मागे चालतं, तसाच तो पैसा मुलाच्या मागे चालतो. माझी आपल्या राज्याकडे आणि केंद्राकडे हीच मागणी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत बसलेल्या सैनिकाच्या मुलामागे त्या शाळेला थोडी रक्कम द्या, आणि शाळेला कळवा तरी की हे मूल सैनिकाचं आहे.

सरकार करील तेव्हा करील. हिर्डोशीनं काय करावं, हे सांगितल्याशिवाय मी बसणार नाही.

ग्रामपंचायतीनं पंचक्रोशीतल्या सैनिकांच्या मुलांची यादी करावी. नोकरीतल्या, निवृत्त आणि दिवंगत, सगळ्यांच्या मुलांची. मूल किती वर्षांचं, कुठल्या शाळेत, कुणापाशी राहतं, पार्ट टू ऑर्डर झाली का, भत्त्याचा दाखला गेला का. दगडावर जो तिसरा आकडा कोरायचा राहिला, तो निदान वहीत तरी लिहू. ज्या निवृत्त सुभेदारांनी, हवालदारांनी आयुष्यभर कंपनीचे कागद सांभाळले, त्यांनी महिन्यातला एक दिवस या कागदांना द्यावा. नव्या सूनबाईला अर्जाचा एकेक रकाना त्यांच्याइतका नीट कोण समजावून सांगेल?

लावणीच्या हंगामापुरतं तरी अंगणवाडीला जोडून पूर्ण दिवसाचं पाळणाघर सुरू करावं. पाळणा योजनेसाठी ठराव करून तालुक्याला पाठवावा आणि मंजुरी येईपर्यंत गावानं स्वतः चालवावं. एक कोरडी खोली, दोन शहाण्या बाया, पेज शिजवायला चूल आणि दाराला कडी. सैनिकांच्या मुलांबरोबर तिथे कातकरी वाडीतली आणि धनगरवाड्यातली मुलंही यावीत. ज्या आईला शेतात जायचं आहे, तिचं मूल तिथे असावं. सैनिकाच्या मुलाला वेगळं काढून जपायचं नाही, सगळ्यांत मिसळून जपायचं आहे.

आणि शाळेनं शनिवारचा अर्धा तास परत सुरू करावा. आता आंतर्देशीय पत्र कोण लिहितं, असं कुणी म्हणेल. आता व्हिडिओ कॉल आहे, रेंज असली तर. मी नातवंडांच्या वयाच्या मुलांना त्या कॉलवर पाहिलं आहे. ती म्हणतात, बाबा कसे आहात, मी बरा आहे, आणि फोन आईकडे देतात. खुशाली दोन ओळींत संपते, पण खरं सांगायचं राहून जातं. ते सांगायला कागद लागतो, वेळ लागतो आणि घाई न करणारं एक माणूस समोर लागतं.

आता त्या मुलीविषयी. १९७१ च्या डिसेंबरात तिच्या घरी तार आली. काही दिवस गावात मोठी माणसं आली, हार आले, भाषणं झाली. मग शनिवार आला. शाळा सुटली. आम्ही पाचजण थांबलो, ती दप्तर उचलून निघाली. तिला कुणाला लिहायचं होतं? गुरुजींनी तिला हाक मारून बसवलं आणि तिच्यापुढेही एक आंतर्देशीय ठेवलं. तिच्या वडिलांच्या कंपनीच्या सुभेदारसाहेबांचं नाव त्यांनी विचारून आणलं होतं. पत्ता त्यांनी स्वतःच्या अक्षरात घातला. ५६ ए. पी. ओ. मजकूर तिनं लिहायचा होता. ती बराच वेळ बसून राहिली. मग तिनं लिहिलं की आमची तांबडी गाय व्याली, बाबांना सांगायचं राहिलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. मोठ्या, वाकड्या अक्षरांत. वासराला नाव काय ठेवलं, असं सुभेदारांनी विचारलं होतं. ती पुढची कित्येक वर्षं त्यांना लिहीत राहिली आणि ते उत्तर देत राहिले. ती शिकली, नर्स झाली. तिच्या शिक्षणाचा खर्च देशानं केला, १८ डिसेंबरचं वचन तिच्या बाबतीत पाळलं गेलं. पण शिकायला तिला ज्यानं बसवलं, तो शनिवारचा अर्धा तास होता.

गुरुजींच्या नावाची ही व्याख्यानमाला आहे. त्यांचं स्मारक म्हणून कुठे पुतळा नाही, आणि तो त्यांना आवडलाही नसता. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर या गावातली फौजींची मुलं जेव्हा दप्तर उचलून निघतील, तेव्हा कुणीतरी त्यांना हाक मारून परत बसवा. एवढंच मागणं आहे.